कर्टसी बस बंद करण्याचा प्रस्ताव (न्यू जर्सी): कोणाला, कधी, काय विचारायचं

रॅरिटनकाठ | १० फेब्रुवारी

शाळेच्या बजेटमध्ये खड्डा पडला की न्यू जर्सीच्या उपनगरांत कात्री लागते ती आधी कर्टसी बसला (शाळेजवळ राहणाऱ्या मुलांना कायद्याचं बंधन नसताना दिलेली बस). पालकांना हे कळतं एप्रिलच्या शेवटी किंवा मेमध्ये. मग सभेला दोनशे माणसं जमतात आणि तोवर आकडे पक्के झालेले असतात. म्हणून हा धागा फेब्रुवारीतच काढतोय. ज्यांना बजेट, बसमार्ग, कायदा यांपैकी काही नीट माहीत आहे त्यांनी भर घालावी. आपापल्या गावाचे अनुभव शक्यतो नकोत, त्याने धागा भरकटतो. जे कुठल्याही टाउनशिपमध्ये उपयोगी पडेल तेवढंच लिहूया.

आधी पाया. राज्याच्या कायद्याने शालेय डिस्ट्रिक्टला बस द्यावीच लागते ती 'रिमोट', म्हणजे दूर राहणाऱ्या मुलांना. बालवर्ग ते आठवीसाठी घर शाळेपासून २ मैलांहून जास्त दूर हवं, नववी ते बारावीसाठी अडीच मैलांहून जास्त. म्हणजे अंदाजे ३.२ आणि ४ किलोमीटर. ज्या मुलाच्या आयईपीमध्ये (विशेष शिक्षणाच्या वैयक्तिक आराखड्यात) बस लिहिलेली आहे त्याला अंतराची अट नाही. याच्या आत राहणाऱ्यांना बस मिळत असेल तर ती कर्टसी बस. तिच्यासाठी राज्याकडून पैसे येत नाहीत, सगळा भार स्थानिक करावर. पहिलीतलं मूल १.८ मैलांवर राहत असेल तर कायद्याच्या नजरेत ते चालत जाणारं मूल आहे, मग वाटेत रूट २७ किंवा रूट १३० सारखा हमरस्ता का असेना. चालायला पाऊण तास लागला तरी फरक पडत नाही.

दुसरं, निर्णय कोणाचा? बसचा निर्णय बोर्ड ऑफ एज्युकेशनचा. मेयर आणि टाउनशिप कौन्सिलचा त्यावर अधिकार नाही. बहुतेक गावांत बोर्ड थेट निवडून येतं, त्याचं बजेट वेगळं, वकील वेगळा, सभा वेगळी. पण बस गेल्यावर जे लागतं, म्हणजे क्रॉसिंग गार्ड, फुटपाथ, सिग्नल, वेगमर्यादा, ते सगळं बोर्डाच्या हातात नाही. ते कौन्सिल, काउंटी किंवा राज्याकडे आहे. गोंधळ इथेच होतो. लोक बोर्डाच्या सभेत फुटपाथ मागतात आणि कौन्सिलच्या सभेत बस मागतात.

---

हिशेबनीस | १० फेब्रुवारी

चांगला धागा. पैशाची बाजू मी लिहितो, कारण "एवढा कर भरतो तरी बस नाही?" हे वाक्य दर सभेत येतं आणि त्याचं उत्तर कोणी नीट देत नाही.

प्रॉपर्टी टॅक्सच्या बिलात मुख्य तीन वाटे असतात: शाळा, टाउनशिप, काउंटी. राज्याची सरासरी पाहिली तर निम्म्याहून जास्त वाटा शाळेचा. बिल टाउनशिप पाठवते (हप्ते भरायचे १ फेब्रुवारी, १ मे, १ ऑगस्ट, १ नोव्हेंबरला), त्यामुळे सगळा कर मेयर खर्च करतात असा समज होतो. प्रत्यक्षात टाउनशिप फक्त वसुली करून शाळेचा वाटा तिकडे वळता करते.

२०१० च्या कायद्याने डिस्ट्रिक्टला कराची एकूण रक्कम वर्षाला २ टक्क्यांपेक्षा जास्त वाढवता येत नाही. सवलती थोड्या आहेत: विद्यार्थीसंख्येतली वाढ, आरोग्यविम्याच्या खर्चातली ठराविक वाढ वगैरे. मागच्या वर्षी मर्यादेपेक्षा कमी वाढ केली असेल तर उरलेली वाढ 'बँक्ड कॅप' म्हणून तीन वर्षांपर्यंत वापरता येते. "बँक्ड कॅप किती शिल्लक आहे आणि ती कधी बाद होते" हा प्रश्न विचाराच. उत्तर एका आकड्याचं असतं आणि सभेतल्या बऱ्याच चर्चेपेक्षा तो आकडा जास्त सांगतो.

नमुन्याचं गणित (आकडे केवळ समजण्यासाठी): कराची रक्कम १० कोटी डॉलर असेल तर २ टक्के म्हणजे २० लाख. गावातल्या सगळ्या मालमत्तेचं करपात्र मूल्य ६०० कोटी असेल तर ४ लाख असेसमेंटच्या (करासाठी ठरवलेल्या मूल्याच्या) घराला वर्षाला साधारण १३३ डॉलर जास्त. दुसऱ्या बाजूला विमा, पगारवाढ, विशेष शिक्षणासाठी बाहेरच्या शाळांची फी हे सगळं २ टक्क्यांच्या चालीने वाढत नाही. कराराने बांधलेले पगार कापता येत नाहीत, आयईपी कापता येत नाही. मग जे कायद्याने सक्तीचं नाही त्याची यादी करतात: कर्टसी बस, मिडल स्कूलचे खेळ, वाद्यवर्ग, ग्रंथपाल. बस निवडली जाते ती कुणाचा राग म्हणून नव्हे. तिथे कायदा आडवा येत नाही आणि रक्कम एका ओळीत दिसते, म्हणून.

राज्याची मदत २००८ च्या सूत्राने ठरते. गावाची मालमत्ता आणि रहिवाशांचं उत्पन्न यांवरून 'स्थानिक वाटा' काढतात, उरलेलं राज्य देतं. घरांच्या किमती भराभर वाढल्या की गाव कागदावर श्रीमंत होतं आणि मदत घटू शकते, पण २ टक्क्यांच्या मर्यादेमुळे ती तूट करातून भरून काढता येत नाही. चांगल्या चाललेल्या उपनगरांत अचानक खड्डा पडतो त्याचं हे एक मोठं कारण.

वेळापत्रक: गव्हर्नरचं बजेट भाषण फेब्रुवारीअखेर किंवा मार्चच्या सुरुवातीला, त्यानंतर दोन दिवसांत प्रत्येक डिस्ट्रिक्टच्या मदतीचा आकडा. मार्चच्या तिसऱ्या आठवड्याच्या आसपास तात्पुरतं बजेट काउंटीच्या एक्झिक्युटिव्ह सुपरिंटेंडंटकडे (राज्याच्या शिक्षण खात्याचा काउंटीतला अधिकारी). एप्रिलअखेर ते मेच्या पहिल्या आठवड्यात जाहीर सुनावणी आणि मंजुरी. तारखा दर वर्षी चार-दोन दिवस हलतात. खरी खिडकी मदतीचा आकडा आल्यापासून तात्पुरत्या बजेटपर्यंतची, म्हणजे दोन-तीन आठवडे. सुनावणीत एक ओळ परत आणायची तर दुसरी ओळ कापावी लागते, आणि त्या दुसऱ्या ओळीचे पालकही समोरच बसलेले असतात.

---

चिंचेचं_पान | ११ फेब्रुवारी

दोन प्रश्न. एच-१बी किंवा ग्रीन कार्डवर असलेल्या, भाड्याच्या अपार्टमेंटमध्ये राहणाऱ्या पालकांना सभेत बोलता येतं का? आपल्यातले अनेक जण "आपण मतदार नाही" म्हणून जातच नाहीत. आणि २ मैल नक्की कुठून कुठपर्यंत मोजतात? गूगल मॅप १.९ दाखवतो, डिस्ट्रिक्ट १.७ म्हणतं.

---

शून्य_प्रहर | ११ फेब्रुवारी

बोलता येतं. १९७५ च्या ओपन पब्लिक मीटिंग्ज अ‍ॅक्टखाली (लोक 'सनशाइन लॉ' म्हणतात) बोर्डाच्या आणि कौन्सिलच्या सभेत जनतेला बोलायला वेळ राखून ठेवावाच लागतो. त्यात नागरिकत्वाची अट नाही. मत देणं आणि बोर्डाची निवडणूक लढवणं मात्र फक्त नागरिकांना. भाडेकरूही घरमालकामार्फत कर भरतोच, त्यामुळे "तुम्ही करदाते नाही" असं कुणी म्हटलं तर थांबू नका.

अंतर: घराचं जे दार सार्वजनिक रस्त्याच्या किंवा पायवाटेच्या सर्वांत जवळ आहे तिथून, शाळेच्या सर्वांत जवळच्या सार्वजनिक प्रवेशद्वारापर्यंत, सार्वजनिक रस्ता वा पायवाटेने सर्वांत जवळचा मार्ग. गाडीचा मार्ग नव्हे. म्हणून गूगलमध्ये 'चालत' निवडा. तरी फरक येतोच, कारण डिस्ट्रिक्टच्या सॉफ्टवेअरमध्ये दोन कल-डी-सॅकना (पुढे बंद असलेल्या गल्ल्यांना) जोडणारी पायवाट किंवा शाळेचं मागचं फाटक धरलेलं असतं. ते फाटक सकाळी कुलूपबंद असेल तर मोजणी चुकीची ठरू शकते. तसंच कोणाच्या खाजगी पार्किंगमधून जाणारा 'शॉर्टकट' मोजता येत नाही. मोजणीचा छापील नकाशा ट्रान्सपोर्टेशन ऑफिसकडून मागा, वळणं एकेक तपासा आणि आक्षेप लेखी द्या.

एक गोष्ट कटू आहे पण माहीत हवी: मोजणीत सर्वांत जवळचा मार्ग धरतात, सुरक्षित मार्ग नव्हे. सुरक्षिततेचं खातं वेगळं, त्याला 'हॅझर्डस रूट' म्हणतात. कर्टसी बस देणाऱ्या डिस्ट्रिक्टकडे धोकादायक मार्गांचं लेखी धोरण असावं लागतं. त्यात मार्गांची यादी हवी आणि ते कोणत्या निकषांवर ठरवले तेही. कायद्यात सुचवलेले निकष असे: रहदारी, गाड्यांचा वेग, फुटपाथ आहे की नाही, तीव्र वळणं आणि चढ, पूल किंवा मोठा हमरस्ता ओलांडावा लागतो का. हे निकष डिस्ट्रिक्टने टाउनशिपच्या अधिकाऱ्यांबरोबर बसून ठरवायचे असतात. कर्टसी बस बंद होण्याच्या चर्चेत हे धोरण सर्वांत आधी वाचा. अनेकदा यादी फार जुनी असते आणि नंतर झालेल्या वसाहती व रस्ते तिच्यात नसतातच.

---

तिसरा_थांबा | १२ फेब्रुवारी

बसमार्गांबद्दल लिहितो, कारण "कर्टसी बस बंद केली की अमुक लाख वाचतील" हा आकडा बहुधा कच्चा असतो.

खर्च मुलागणिक होत नाही, बसगणिक होतो. एक बस सकाळी तीन फेऱ्या करते: आधी हायस्कूल, मग मिडल, मग एलिमेंटरी. शाळांच्या वेळा वेगवेगळ्या असतात त्या याचसाठी. याला टिअरिंग म्हणतात. कंत्राट, ड्रायव्हर, विमा हे सगळं त्या बसचं असतं. तिसरी फेरी रद्द केली आणि पहिल्या दोन राहिल्या तर बस तशीच रस्त्यावर राहते. वाचतं ते थोडं इंधन आणि ड्रायव्हरचा तासभर.

आता मार्गाच्या आत पाहा. समजा मार्ग ७ वर ४६ मुलं आहेत, त्यातली ३१ कर्टसी आणि १५ हक्काची. ३१ उतरवली तरी १५ साठी बस जाणारच. बचत शून्य. शेजारच्या मार्ग ९ वर कपातीनंतर २० उरत असतील तर १५ अधिक २० म्हणजे ३५, ५४ आसनांच्या एका बसमध्ये बसतात आणि एक फेरी वाचते. पण बस वाचण्यासाठी तिच्या हायस्कूल आणि मिडलच्या फेऱ्याही अशाच कुठेतरी मिसळाव्या लागतात. आणि मार्ग जोडला की प्रवासाची वेळ वाढते, शेवटच्या थांब्यावरचं मूल तासभर बसमध्ये राहतं.

म्हणून बोर्डाकडे मागायचा तक्ता असा: प्रत्येक मार्ग, प्रत्येक टिअर, हक्काची किती, कर्टसी किती, हॅझर्डस किती, बसची क्षमता, प्रत्यक्ष चढणारी सरासरी मुलं, मार्गाचा रोजचा दर. शेवटचे दोन रकाने महत्त्वाचे. यादीत ५० नावं असतात आणि रोज ३० मुलं चढतात, कारण बाकीची गाडीने येतात किंवा बिफोर-केअरला (शाळेआधीच्या पाळणाघराला) जातात. पालकांकडून "यंदा बस नको" असा लेखी फॉर्म भरून घेतला, तर कोणाचीही बस न काढता काही मार्ग जोडता येतात. कपातीआधी हा उपाय करून पाहिला का, हे विचारलंच पाहिजे.

राज्याला दर वर्षी १५ ऑक्टोबरच्या स्थितीवरून वाहतुकीचा अहवाल जातो, त्यात कर्टसी मुलांची संख्या वेगळी असते. तेव्हा "असा तक्ता आमच्याकडे नाही" हे उत्तर मान्य करू नका. मार्गवार नसला तरी मूळ माहिती असतेच.

कंत्राटी बस असेल तर आणखी एक: जुन्या कंत्राटाचं नूतनीकरण करताना दरवाढ महागाईच्या निर्देशांकापुरतीच करता येते. मार्ग बदलून नव्याने निविदा काढली की बाजारभाव लागतो, आणि ड्रायव्हरांची टंचाई असेल तर तो चढाच येतो. मार्ग कमी करून दर वाढले तर बचत कागदावरच राहते. प्रस्तावातल्या आकड्यात नवा दर धरला आहे की जुना, हे विचारा.

---

हिशेबनीस | १२ फेब्रुवारी

तिसरा_थांबा यांच्या मुद्द्याला जोड. बचतीतून नवे खर्च वजा केले आहेत का तेही पाहा. शाळेच्या आवारात ड्रॉप-ऑफच्या दीडशे गाड्या वाढल्या की मार्गिका बदलायला, सकाळी जास्त कर्मचारी उभे करायला पैसे लागतात. बिफोर-केअरची मागणी वाढते. आणि क्रॉसिंग गार्डचा खर्च टाउनशिपच्या माथी जातो, तो बोर्डाच्या तक्त्यात दिसतच नाही. करदाता मात्र तोच.

---

पाटीपेन्सिल | १४ फेब्रुवारी

कौन्सिलची माणसं "शाळा आमचा विषय नाही" म्हणून हात झटकतात. हे कितपत खरं?

---

रॅरिटनकाठ | १४ फेब्रुवारी

अर्धं खरं. बस त्यांचा विषय नाही. पण रस्त्यावर चालणारं मूल पूर्णपणे त्यांचा विषय आहे. आणि एक कलम फार थोड्यांना माहीत असतं: सुरक्षिततेसाठी गरज आहे असं वाटलं तर टाउनशिप स्वतःच्या खर्चाने जवळच्या मुलांच्या बससाठी बोर्डाशी करार करू शकते. करावाच असं बंधन नाही, पण "कायद्याने करताच येत नाही" हे उत्तर चूक आहे.

खरी अडचण दोन बजेटांच्या वर्षांत आहे, आणि यावर मला सर्वांत जास्त जोर द्यायचा आहे. शाळेचं वर्ष १ जुलै ते ३० जून. बहुतेक टाउनशिपचं वर्ष जानेवारी ते डिसेंबर, आणि त्यांचं बजेट साधारण मार्च-एप्रिलमध्ये मंजूर होतं. बोर्ड मेमध्ये बस बंद करतं, सप्टेंबरमध्ये मुलं रस्त्यावर येतात, आणि त्या सप्टेंबरचे गार्ड ज्या बजेटमध्ये हवेत ते बजेट आधीच मंजूर होऊन बसलेलं असतं. वर्षाच्या मध्यात एका खात्यातून दुसऱ्यात पैसे फिरवायची परवानगी टाउनशिपला शेवटच्या दोन महिन्यांतच असते, म्हणजे नोव्हेंबर-डिसेंबर. मधले दोन महिने गार्ड कुठून आणणार? म्हणून बोर्डाचा प्रस्ताव नुसता चर्चेत असतानाच कौन्सिलच्या बजेट सुनावणीत जाऊन म्हणायचं: "बस गेली तर अमुक पाच चौकांत सप्टेंबरपासून गार्ड लागतील, पोलीस खात्याच्या ओळीत त्याची तरतूद आत्ताच ठेवा." बस राहिली तर पैसे उरतील, बिघडत काहीच नाही.

गार्ड पोलीसप्रमुखांच्या देखरेखीखाली असतात. नेमणूक, पार्श्वभूमी तपासणी, प्रशिक्षण यांत आठवडे जातात. जागा जाहीर झाली तरी सकाळी तासभर आणि दुपारी तासभर अशा तुटक कामाला माणसं मिळत नाहीत. ऑगस्टमध्ये सुरुवात केली तर सप्टेंबरला चौक रिकामा राहतो.

रस्ता कोणाचा हेही आधी पाहा. गावातला रस्ता असेल तर टाउनशिप इंजिनियर. ५०० किंवा ६०० च्या मालिकेतला क्रमांक असेल तर काउंटी. रूट १, १८, २७, १३० सारखा असेल तर राज्याचं परिवहन खातं. राज्याच्या रस्त्यावर पादचाऱ्यांसाठी सिग्नलची वेळ वाढवायला टाउनशिपला विनंती करावी लागते, आदेश देता येत नाही. अशा वेळी कौन्सिलकडून मागायचं ते ठरावाच्या रूपात मागा. तोंडी आश्वासनाचा खात्याला उपयोग नाही.

फुकट मिळणारी मदतही आहे. राज्यभर आठ वाहतूक व्यवस्थापन संस्था (टीएमए) आहेत. मिडलसेक्स काउंटीसाठी कीप मिडलसेक्स मूव्हिंग, सॉमरसेटसाठी राइडवाइज, मर्सरसाठी ग्रेटर मर्सर टीएमए. 'सेफ रूट्स टु स्कूल' कार्यक्रमाखाली त्या शाळेभोवती चालून पाहणी करतात आणि अहवाल देतात. पालकांनी काढलेल्या फोटोंपेक्षा या अहवालाला कौन्सिलसमोर वजन जास्त, आणि फुटपाथाच्या अनुदानाच्या अर्जालाही तो जोडता येतो. पण अनुदानातून फुटपाथ व्हायला वर्षं लागतात. या सप्टेंबरला त्याचा उपयोग नाही.

आणि बर्फ. फुटपाथवरचा बर्फ काढणं बहुतेक गावांत घरमालकाचं काम असतं, किती तासांत ते ऑर्डिनन्समध्ये (टाउनशिपच्या स्थानिक कायद्यात) असतं. पण नांगर फिरला की चौकाच्या कोपऱ्यावर, नेमक्या उताराच्या जागी, बर्फाचा ढीग साचतो आणि तो कोणाच्याच वाट्याचा नसतो. शाळेच्या मार्गांवरचे कोपरे पब्लिक वर्क्सने (टाउनशिपच्या रस्ते-सफाई खात्याने) आधी मोकळे करावेत अशी यादी टाउनशिपकडून लेखी करून घ्या. आजी-आजोबा नातवंडांना पोचवायला निघतात तेव्हा घसरायची जागा हीच.

---

चिंचेचं_पान | १५ फेब्रुवारी

नव्या अपार्टमेंट्समुळे मुलं वाढली, बिल्डरांना परवानगी दिली म्हणून हे झालं, असं सगळे म्हणतात. प्लॅनिंग बोर्डाला ते थांबवता आलं नसतं का?

---

हिशेबनीस | १५ फेब्रुवारी

नियमात बसणारा प्रकल्प "शाळेत मुलं वाढतील" या कारणाने प्लॅनिंग बोर्ड नाकारू शकत नाही. शिवाय राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाच्या १९७५ आणि १९८३ च्या माउंट लॉरेल निकालांपासून प्रत्येक गावावर परवडणाऱ्या घरांचं घटनात्मक बंधन आहे, त्याची चौथी फेरी २०२५ ते २०३५ अशी चालू आहे. तो राग मुलांवर किंवा भाडेकरूंवर काढू नये, मला हे मनापासून वाटतं. ती मुलं गावचीच मुलं आहेत.

प्रश्न विचारायचा तो पायलटबद्दल (PILOT, म्हणजे करांऐवजी भरायची रक्कम). दीर्घ मुदतीच्या करसवलतीत बिल्डर नेहमीच्या करांऐवजी ठराविक वार्षिक रक्कम भरतो. त्यातली ९५ टक्के टाउनशिपला आणि ५ टक्के काउंटीला जाते. शाळेला देण्याचं बंधन नाही. इमारतीत मुलं राहायला आली तरी शाळेचा वाटा शून्य असू शकतो. कौन्सिल आपल्या ९५ टक्क्यांतून शाळेला काही भाग देऊ शकते, काही गावांत तसे करार आहेतही. कौन्सिलसमोर असा ऑर्डिनन्स पहिल्या वाचनाला येतो तेव्हा बोलायचं. दुसऱ्या वाचनाला जाहीर सुनावणी असते खरी, पण तोवर बिल्डरबरोबरच्या वाटाघाटी बहुधा संपलेल्या असतात.

---

पाटीपेन्सिल | १६ फेब्रुवारी

दोन पर्याय बोर्डासमोर नेहमी येतात, त्यांच्याबद्दल.

पहिला, सबस्क्रिप्शन बस: जवळच्या मुलांच्या पालकांनी पैसे भरून जागा घ्यायची. रिकाम्या जागा विकल्या तर ठीक. पण फक्त सबस्क्रिप्शनवर नवा मार्ग चालवायचा तर पुरेसे पालक हवेत. शुल्क जास्त ठेवलं की दोन मुलांचे पालक गाडीने सोडायला लागतात, संख्या घटते, शुल्क आणखी वाढतं. नोंदणीची अंतिम तारीख जूनमध्ये असावी, ऑगस्टमध्ये मार्ग बांधता येत नाहीत. मोफत किंवा सवलतीच्या जेवणास पात्र कुटुंबांसाठी धोरणात काय लिहिलं आहे, हप्ते आहेत का, दोन मुलांना कमाल मर्यादा आहे का, हे मंजुरीआधी वाचा.

दुसरा, २ टक्क्यांच्या वर जाण्यासाठी मतदारांसमोर वेगळा प्रश्न ठेवणं. बहुतेक डिस्ट्रिक्टांची निवडणूक २०१२ च्या कायद्यानंतर नोव्हेंबरला गेली आहे, त्यामुळे मर्यादेतल्या बजेटवर मतदान होत नाही, फक्त या जादा प्रश्नावर होतं. अडचण अशी की शाळा सप्टेंबरला सुरू होते आणि कौल नोव्हेंबरला लागतो. तोवर बस चालवायची की नाही? चालवली आणि मतदारांनी प्रश्न नाकारला तर पैसे कुठून? आणि मंजूर झालेली वाढ एका वर्षापुरती नसते, पुढच्या वर्षांच्या पायाभूत रकमेत ती धरली जाते. मतदारांना हे स्पष्ट सांगितलं नाही तर दुसऱ्यांदा कोणी विश्वास ठेवत नाही.

---

शून्य_प्रहर | १७ फेब्रुवारी

कागद कसे मिळवायचे ते लिहितो. ओप्रा, म्हणजे सरकारी नोंदी मागण्याचा कायदा. अर्ज डिस्ट्रिक्टच्या कस्टोडियनकडे (नोंदी सांभाळणारा अधिकारी), बहुधा तो बिझनेस अ‍ॅडमिनिस्ट्रेटरच असतो. कामकाजाच्या सात दिवसांत उत्तर द्यावं लागतं.

अर्ज फेटाळले जातात ते एका चुकीमुळे: लोक प्रश्न विचारतात. "मार्ग ७ का बंद केला?" ही माहितीची विचारणा झाली, तिला उत्तर द्यायचं बंधन नाही. नोंद मागा. उदाहरणार्थ: चालू वर्षाचे मार्गपत्रक, मुलांची नावं काढून, वाहतूक कंत्राटं आणि त्यांची नूतनीकरणं, मागच्या दोन वर्षांची, हॅझर्डस मार्गांची यादी आणि ती मंजूर केलेला ठराव, ऑक्टोबरच्या वाहतूक अहवालाचा सारांश. ईमेल हवे असतील तर कोणाचे, कोणत्या तारखांमधले, कोणत्या विषयावरचे हे तिन्ही लिहा. "बसविषयी सगळं द्या" म्हटलं की अर्ज गेलाच. नाकारलं तर राज्याच्या गव्हर्नमेंट रेकॉर्ड्स कौन्सिलकडे किंवा सुपीरियर कोर्टात जाता येतं.

सभेत बोलण्याबद्दल. वेळ बहुधा तीन मिनिटं, म्हणजे सावकाश वाचलेले साडेतीनशे ते चारशे शब्द. बऱ्याच ठिकाणी दोन सत्रं असतात, पहिलं फक्त अजेंड्यावरच्या विषयांसाठी. बस अजेंड्यावर नसेल तर दुसऱ्या सत्रासाठी थांबावं लागतं, ते रात्री साडेदहालाही येऊ शकतं. वीस जणांनी एकच निवेदन वाचण्यापेक्षा वाटून घ्या: एकाने मार्गांचा तक्ता, एकाने हॅझर्डस यादीतली त्रुटी, एकाने दोन बजेटांच्या तारखा. प्रत्येकाची मागणी एकच आणि तारखेसह हवी: "१५ मार्चपूर्वी मार्गवार तक्ता वेबसाइटवर ठेवा."

बोर्डाचे सदस्य ईमेलला किंवा व्हॉट्सअ‍ॅप गटात उत्तर देत नाहीत म्हणून चिडू नका. नऊपैकी पाच जण एका साखळीत विषयावर बोलले तर ती सूचना न देता भरवलेली सभा ठरू शकते. फायनान्स कमिटीत बहुमतापेक्षा कमी सदस्य असतात, म्हणून ती जाहीर नसते. पण तिचा अहवाल पुढच्या जाहीर सभेत वाचतात. बसचा विषय तिथे आधी येतो, तेव्हा तो अहवाल जानेवारीपासून ऐकत राहा.

---

तिसरा_थांबा | १७ फेब्रुवारी

तुलनेसाठी एक नोंद. महाराष्ट्रात शिक्षणहक्काच्या नियमांत पहिली ते पाचवीसाठी शाळा १ किलोमीटरच्या आत आणि सहावी ते आठवीसाठी ३ किलोमीटरच्या आत असावी असा निकष आहे, आणि शाळा व्यवस्थापन समितीत ७५ टक्के पालक असतात. पण त्या समितीला कर लावता येत नाही. इथल्या बोर्डाला येतो. "आमचं कोण ऐकतं" ही सवय इकडे आणू नये असं मला वाटतं, कारण इथे नऊ माणसं शेजारच्याच रस्त्यावर राहतात आणि काहींची जागा दर नोव्हेंबरला मतदानाला येते.

---

चिंचेचं_पान | ५ मार्च

मदतीचे आकडे आले. आमच्याकडे तात्पुरत्या बजेटमध्ये कर्टसी बस काढण्याचा प्रस्ताव आलाय. समजा मेमध्ये मंजूर झालाच, तर त्यानंतर हातात काय उरतं?

---

शून्य_प्रहर | ५ मार्च

मूळ निर्णय उलटवणं कठीण, कारण कर्टसी बस देणं ऐच्छिकच आहे. पण तीन वाटा उरतात. तुमच्या घराचं अंतर चुकीचं मोजलं असेल किंवा हॅझर्डस धोरण डिस्ट्रिक्टने स्वतःच मोडलं असेल तर आधी ट्रान्सपोर्टेशन ऑफिस, मग बोर्ड, मग राज्याच्या शिक्षण आयुक्तांकडे याचिका. याचिकेला निर्णय कळल्यापासून ९० दिवसांची मुदत आहे आणि ती पत्रव्यवहार चालू असताना थांबत नाही. मे महिन्यातलं पत्र ऑगस्टपर्यंत फिरत राहिलं तर मुदत संपते.

दुसरी, हॅझर्डस यादीत मार्ग घालण्याचा ठराव बोर्ड वर्षात कधीही करू शकतं, त्याला नवं बजेट लागत नाही, बसमध्ये जागा लागते. कौन्सिलचा ठराव, पोलिसांच्या रहदारी विभागाचं पत्र आणि पाहणीचा अहवाल एकत्र दिला तर हा विषय जूनच्या सभेत येऊ शकतो.

---

तिसरा_थांबा | ५ मार्च

तिसरी मी लिहितो. मार्ग ऑगस्टच्या मध्यात बांधून होतात आणि सप्टेंबरच्या पहिल्या दोन-तीन आठवड्यांत किती मुलं खरोखर चढतात ते मोजलं जातं. ऑक्टोबरपर्यंत जागा उरतात, दर वर्षी उरतात. उरलेल्या जागा कोणाला द्यायच्या याचा क्रम आत्ताच, बजेटच्या ठरावासोबत लिहून घ्या: आधी हॅझर्डसच्या काठावरची मुलं, मग लहान इयत्ता, मग अंतर. क्रम लिहिलेला नसेल तर जागा फोन करणाऱ्याला जाते.